एलएलडी-डी काढलेला ई. कोलाय लॅक्टेटवर वाढतोच कसा?

परभणीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी परभणीत एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ई. कोलाय हा जिवाणू लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) कसं खातो यावर माझा प्रोजेक्ट आहे आणि मी पुरती अडकले आहे.

आमच्या मॅडमनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून त्याचे दोन स्ट्रेन (वाण) आणले. एक मूळचा, बीडब्ल्यू25113. दुसरा त्याचाच म्युटंट, एलएलडी-डी जनुक काढून तिथं कॅनामायसिनची कॅसेट (त्या अँटिबायोटिकमध्येही जगू देणारं जनुक) बसवलेला. एल-लॅक्टेटचं पायरुव्हेट करणारं एन्झाइम हेच जनुक बनवतं. एम9 या साध्या क्षारांच्या माध्यमात ग्लुकोज घातलं नाही, फक्त सोडियम लॅक्टेट घातलं. मूळचा वाढेल, म्युटंट वाढणार नाही, असं सिनॉप्सिसमध्ये लिहूनही दिलं होतं.

म्युटंट वाढला. चार वेळा केलं, चारही वेळा वाढला. वसाहती मोहरीपेक्षा बारीक, मूळच्यापेक्षा उशिरा येणाऱ्या, पण गोल आणि स्वच्छ. कॅनामायसिनच्या प्लेटवर येतो, पीसीआरची (जनुकाचा तुकडा तपासायच्या चाचणीची) पट्टी बरोबर जागी दिसते. ब्रॉथमध्ये 10 मिलिमोलर लॅक्टेट दिलं तर मूळच्याचा ओडी (ब्रॉथचा गढूळपणा, म्हणजे वाढीचं माप) 0.42 वर थांबतो, म्युटंटचा 0.20 वर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्लेट उजेडाकडं धरली, "कंटॅमिनेशन आहे" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले. मे महिन्यात ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद करून बर्नरपुढं बसून केलेलं काम आहे हो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसरा प्रश्न. पुस्तकात लिहिलंय की ऑक्सिजन नसताना लॅक्टेट डिहायड्रोजिनेज पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं आणि ही क्रिया दोन्हीकडं चालते. मग लॅक्टेट खायला वेगळं एन्झाइम कशाला ठेवलं? आणि ऑक्सिजन नसलेल्या अनएरोबिक जारमध्ये मूळचा स्ट्रेनसुद्धा लॅक्टेटवर का वाढत नाही? ग्लुकोजवर तर त्याच जारमध्ये दाट येतो.

लातूरच्या शिक्षिका

आधी उठ आणि लॅक्टेटच्या बाटलीचं लेबल अक्षर न् अक्षर वाचून ये. 'एल' लिहिलंय की 'डीएल'? तुझे ओडीचे आकडे वाचून मला तरी ती डीएलच वाटते.

डीएल म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखे दोन प्रकारचे रेणू निम्मे-निम्मे मिसळलेले. एलएलडी-डी फक्त एल-लॅक्टेट धरतं. डी-लॅक्टेट खाणारं एन्झाइम निराळं, त्याचं नाव डीएलडी, आणि त्याचं जनुक गुणसूत्रावर दुसऱ्याच जागी आहे. तुझ्या म्युटंटमध्ये ते शाबूत आहे. निम्मं जेवण मिळालं, म्हणून निम्मा ओडी. 0.42 चं निम्मं 0.21, तुला 0.20 आलंय. कंटॅमिनेशन असतं तर चार वेळा असा हिशोब जुळला नसता. हे मोजमाप चांगलं झालंय, पोरी, ते टाकून देऊ नकोस.

म्युटंटला लॅक्टेट आत घेता येतं का, ही शंका तुला पुढं येईल, म्हणून आत्ताच सांगते. ऑपेरॉनमध्ये, म्हणजे एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेत, क्रम असा आहे: पहिला एलएलडी-पी, तो पेशीत लॅक्टेट आणणारा, एल आणि डी दोन्ही आणतो. मधे एलएलडी-आर, नियंत्रक. शेवटी एलएलडी-डी. तुझी कॅसेट शेवटच्या जनुकात बसली आहे, त्यामुळं आधीच्या दोघांना धक्का नाही. जुने शोधनिबंध शोधताना 'एलसीटी' या नावानं शोध. 1993 साली लिन यांच्या गटानं ही तीन जनुकं मांडली तेव्हा त्यांना तेच नाव होतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. यावर मी वर्गात दरवर्षी पूर्ण तास घालवते, कारण सगळा घोळ नावाचा आहे. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज म्हणून ई. कोलायमध्ये तीन वेगवेगळी एन्झाइमं आहेत. एलडीएच-ए हे 329 अमिनो आम्लांचं, पेशीद्रवात मोकळं असतं, एनएडीएच या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूकडून (रिकामा झाला की एनएडी) इलेक्ट्रॉन घेतं आणि पायरुव्हेटचं डी-लॅक्टेट करतं. आंबवण्याचं काम त्याचं. एलएलडी-डी 396 अमिनो आम्लांचं, डीएलडी 571 चं. ही दोन्ही पटलाला चिकटून असतात. पहिल्यात एफएमएन, दुसऱ्यात एफएडी हा मदतनीस रेणू, आणि लॅक्टेटचे इलेक्ट्रॉन ती क्विनोनला, म्हणजे पटलातल्या इलेक्ट्रॉन-वाहकाला, देतात. एनएडीचा तिथं संबंध नाही.

दिशा कोणती, हे उतार ठरवतो. पैठणहून जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी तुमच्या परभणीकडं मोटर न लावता येतं. तेच पाणी परभणीहून पैठणला आपोआप जाईल का? इलेक्ट्रॉनचंही तसंच. पायरुव्हेट-लॅक्टेट जोडीचं विभव (इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) उणे 190 मिलिव्होल्ट. एनएडीचं उणे 320. युबिक्विनोन या क्विनोनचं अधिक 100 च्या आसपास. लॅक्टेटचे इलेक्ट्रॉन एनएडीला द्यायचे तर 130 मिलिव्होल्टचा चढ आहे. क्विनोनला द्यायचे तर 290 चा उतार. एलडीएच-ए कागदावर दोन्हीकडं चालतं, पण पेशीत त्याचा कल लॅक्टेट बनवण्याकडंच राहतो. खायचं असेल तर क्विनोनला जोडलेलं एन्झाइम लागतंच.

जारमध्ये काय होतं ते यावरून कळेल. ऑक्सिजन नाही, म्हणजे क्विनोनकडून इलेक्ट्रॉन उचलून नेणारं कुणी नाही. कालवा तोंडापर्यंत भरलेला आणि पुढं दार बंद. क्विनोनची ही अवस्था पटलावरचं आर्क-बी हे प्रथिन ओळखतं, आर्क-ए या जोडीदार प्रथिनाला फॉस्फेट देतं, आणि ते आर्क-ए एलएलडी ऑपेरॉन दाबून टाकतं. एन्झाइमच नाही आणि असतं तरी उपयोग नाही. ग्लुकोजवर अडत नाही, कारण आंबवताना ते आपले इलेक्ट्रॉन आपल्याच पायरुव्हेटवर टाकून मोकळं होतं. लॅक्टेट आधीच तितकं भरलेलं आहे, टाकणार कुठं?

एलएलडी-आरबद्दल थोडं. ते डीएनएवर दोन ठिकाणी बसतं, वाचन सुरू होण्याच्या बिंदूच्या मागं उणे 105 जवळ आणि पुढं अधिक 22 जवळ. एल-लॅक्टेट नसताना दोन्ही जागा धरून मधल्या डीएनएचा फास करतं आणि वाचन थांबतं. एल-लॅक्टेट आलं की पकड बदलते. 2008 च्या कामात हेच एलएलडी-आर पुढं वाचन सुरू करायलाही मदत करतं असं दिसलं. म्हणून व्हायवामध्ये त्याला नुसतं 'रिप्रेसर' (जनुक दाबणारा) म्हणून थांबू नकोस.

आता तीन प्लेट लाव: फक्त एल, फक्त डी, आणि डीएल. जमलं तर प्लाझमिडवरून, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या छोट्या कड्यावरून, एलएलडी-डी परत देऊन बघ. वाढ परत आली की परीक्षकांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

परभणीची विद्यार्थिनी

मॅडम, लेबलवर 'सोडियम डीएल-लॅक्टेट, 60 टक्के' असंच लिहिलंय. डीएल ही दोन अक्षरं वर्षभर डोळ्यांसमोर होती. मी इथल्या आमच्या मॅडमना लगेच फोन केला. एल महाग आहे, पण 5 ग्रॅम मागवतो म्हणाल्या.

उदगीरचे पशुवैद्य

ताई, तुमची डी आणि एलची गोष्ट वाचून राहवलं नाही. आमच्याकडं ही गोष्ट बैलाच्या पोटात दिसते.

शाळूची काढणी झाली की दरवर्षी असे दोन-चार फोन येतात. रात्री बैल दावं तोडून खळ्यात शिरतो आणि पोटभर ज्वारी खातो. सकाळी रवंथ बंद, डोळे खोल, कोठीपोट हलवलं तर पाण्यानं भरलेल्या घागरीसारखं डुचमळतं. मागच्या हंगामात एक देवणी बैल पाहिला, नळीनं काढलेल्या रसाला आंबट वास आणि पीएचची पट्टी 5 च्या खाली. पिष्ट एकदम मिळाल्यावर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू झपाट्यानं वाढतो आणि लॅक्टेट ओततो. पीएच आणखी उतरला की तोही मागं पडतो आणि लॅक्टोबॅसिलस पुढं येतात, ते डी-लॅक्टेटही बनवतात. जनावराच्या शरीराला एलपेक्षा डी मोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून ते रक्तात साठतं.

पोटातच लॅक्टेट खाणारा एक आहे, मेगास्फेरा एल्सडेनी. त्याच्याकडं रॅसिमेज आहे, एलचं डी करून घेतो, मग डी-लॅक्टेट डिहायड्रोजिनेजनं काही भाग पायरुव्हेट करतो आणि बाकीच्यातून प्रोपिओनेट काढतो. विशेष म्हणजे ग्लुकोज समोर असलं तरी तो लॅक्टेट सोडत नाही. अडचण एवढीच की त्याची संख्या वाढायला दिवस लागतात, स्ट्रेप्टोकॉकसला काही तास पुरतात. म्हणून मी शेतकऱ्यांना सांगतो की दाणा वाढवायचा तर दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवा. त्या बैलाला खाण्याचा सोडा, सलाइन आणि निरोगी गाईच्या कोठीपोटातला गाळलेला रस नळीनं दिला. तिसऱ्या दिवशी तो रवंथ करायला लागला.

लातूरच्या शिक्षिका

डॉक्टरसाहेब, हे मी पुढच्या बॅचला नक्की सांगणार. एक भर घालते. ई. कोलायच्या बाहेर पाहिलं तर एल-लॅक्टेट खाण्याचं एन्झाइम एकाच घराण्यातलं नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये एलएलडी-डीसारखं एफएमएनचं एन्झाइम हे काम करत नाही. तिथं एलयूटी-ए, बी, सी अशी तीन जनुकं मिळून करतात, त्यांत लोह-गंधक असलेली प्रथिनं आहेत. ताई, जीनोममध्ये शोधताना फक्त एलएलडी-डी टाकलंस तर असे जीव तुझ्या हातून निसटतील.

परभणीची विद्यार्थिनी

पाच आठवड्यांनी लिहितेय. एल-लॅक्टेट आलं. 48 तास झाले तरी म्युटंटची प्लेट कोरी होती. शेजारी मूळचा भरगच्च. डी-लॅक्टेटवर दोघंही सारखे वाढले, ओडीत फरक नाही. मी कोरी प्लेट काळ्या कागदावर ठेवून तिरप्या उजेडात तीनदा बघितली, भिंगानंही बघितली. एकही ठिपका नाही.

प्लाझमिडवरचं एलएलडी-डी काल रात्री घातलंय. सकाळी सातला इनक्युबेटर उघडला तेव्हा एल-लॅक्टेटच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके यायला लागले होते. रिकाम्या प्लाझमिडच्या प्लेटवर काहीच नाही. मॅडमनी रेकॉर्ड बुकमध्ये जुन्या चार प्लेटच्या पानावरचा 'कंटॅमिनेशन?' हा शेरा खोडून त्याखाली 'डीएलडी' लिहिलं आणि सही केली.