इनबाउंड बंद केलं तरी रिव्हर्स शेल येतोच
सर्व्हरवर बाहेरून येणारे (इनबाउंड) सगळे पोर्ट बंद केले की रिव्हर्स शेलची, म्हणजे हल्लेखोराला आपल्या सर्व्हरवर दुरून कमांड चालवू देणाऱ्या कनेक्शनची, भीती संपली असं म्हटलं जातं, ते अजिबात पटलं नाही. रिव्हर्स शेलमध्ये कनेक्शन आपलाच सर्व्हर आतून बाहेर उघडतो, हल्लेखोर फक्त लिसनर (येणारं कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम) लावून बसलेला असतो, मग इनबाउंड नियम कितीही कडक ठेवा, त्यांचा संबंधच येत नाही. खरं काम आउटबाउंडचं, म्हणजे आतून बाहेर जाणाऱ्या कनेक्शनच्या नियमांचं आहे आणि नेमकं तिथेच बऱ्याच ठिकाणी सगळं मोकळं सोडलेलं असतं.

डिसेंबर 2021 मधलं लॉगफोरशेल आठवा, जावाच्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतली त्रुटी, सीव्हीएसएस (त्रुटी किती गंभीर ते सांगणारा) स्कोअर थेट 10 पैकी 10. लॉगमध्ये एक स्ट्रिंग गेली की जावाचा सर्व्हर स्वतःहून हल्लेखोराच्या एलडॅप (डिरेक्टरीतून माहिती शोधायचा प्रोटोकॉल) सर्व्हरकडे जायचा आणि तिथून कोड आणून चालवायचा. ज्या सर्व्हरला बाहेर जायची परवानगीच नव्हती तिथे ही साखळी पॅच लागायच्या आधीच तुटायची (पॅच तरीही लावायचाच, डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या विनंत्यांमधून, माहिती बाहेर पडू शकत होती). आणि बाहेर जायला फक्त 443 (एचटीटीपीएसचा पोर्ट) उघडा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, सुरक्षा तपासणारे टेस्टर लोक लिसनर मुद्दाम 443 वरच लावतात. डेटाबेस सर्व्हरला मुळात इंटरनेट लागतंच कशाला? आउटबाउंडला डिफॉल्ट डिनाय (मुद्दाम परवानगी दिलेलं सोडून सगळं बंद) ठेवा, अपडेटसाठी आतला मिरर (अपडेटची आपल्याच नेटवर्कमधली प्रत) वापरा, आणि अडवलेल्या प्रत्येक आउटबाउंड प्रयत्नावर अलर्ट लावा.