मदत हवी आहे: लॉगिनच्या पानावर 'मला लक्षात ठेवा'ऐवजी काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाचं लॉगिनचं पान मराठीत करतेय. पासवर्डच्या खाली जी टिक करायची चौकट असते, तिथे घोडं अडलंय. तयार सॉफ्टवेअरमध्ये 'मला लक्षात ठेवा' असं आलंय आणि सभासद त्याचे आपापले अर्थ लावतात. कुणाला वाटतं पासवर्ड साठवला जाईल, कुणाला वाटतं फक्त सभासद क्रमांक आपोआप भरला जाईल. त्यांचं चुकत नाही, काही ठिकाणी खरंच तेवढंच होतं. आमच्याकडे मात्र टिक केली की ३० दिवसांची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद) बसते. नाही केली तर ब्राउझर बंद होईपर्यंतची.

खरी काळजी वाचन कक्षातल्या कॉम्प्युटरची आहे. तिथे कुणी टिक करून उठून गेलं, तर पुढच्या माणसाला त्यांची पुस्तकांची यादी, फोन नंबर, थकलेली वर्गणी, सगळं समोर. कुणी काय वाचतं हे असं उघड्यावर पडणं मला अजिबात पटत नाही.

'मला साइन इन ठेवा' कानाला खटकतं. 'लॉगिन चालू ठेवा' बरं आहे, पण किती दिवस ते कळत नाही. 'या उपकरणावर ३० दिवस पासवर्ड विचारू नका' हे मला सगळ्यात स्पष्ट वाटतं. फक्त मोबाइलवर दोन ओळी होतात, आणि 'उपकरण' आमच्याकडे कुणी म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टसारखं पासवर्ड बरोबर आल्यावर वेगळ्या पानावर हो-नाही विचारावं का? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
ताई, 'पासवर्ड विचारू नका' नको. कुकीज पुसल्या किंवा दुसरा ब्राउझर उघडला की पासवर्ड विचारला जाणारच, मग लोक तक्रार करतात. 'माझं लॉगिन ३० दिवस चालू ठेवा' असं लिहा आणि खाली बारीक अक्षरात 'फक्त स्वतःच्या मोबाइल किंवा कॉम्प्युटरवर'. चौकट आधीपासून टिक केलेली ठेवू नका.

वाचन कक्षातल्या कॉम्प्युटरवर तर ती चौकट दाखवूच नका. आणि ब्राउझर बंद केला की लॉगआउट होतंच, यावर विसंबू नका: क्रोममध्ये मागचे टॅब पुन्हा उघडायचं सेटिंग चालू असेल तर तात्पुरती कुकीही टिकते. तिथे गेस्ट मोड (खिडक्या बंद केल्या की कुकीज पुसून टाकणारी ब्राउझरची सोय) लावा आणि दहा मिनिटं हालचाल नसेल तर सर्व्हरवरूनच लॉगआउट करा.