‘ड्रॅगन एज २’ : ओर्सिनोचे अखेरचे वळण पटते का?

धागाकर्ता : (पुढे शेवट उघड केला आहे.) बायोवेअरच्या २०११ सालच्या या गेममध्ये शेवटी हॉकला, म्हणजे आपण खेळतो त्या मुख्य पात्राला, जादूगार किंवा त्यांच्यावर पहारा ठेवणारे टेम्प्लर यांपैकी एक बाजू निवडावी लागते. मी जादूगारांची बाजू घेतली. कर्कवॉल शहरातील जादूगारांचा प्रमुख ओर्सिनो सतत सांगत आला होता की मोजक्यांच्या रक्तजादूची (रक्ताच्या बळावर केलेल्या निषिद्ध जादूची) शिक्षा सर्वांना देऊ नये. आणि आम्ही टेम्प्लरांचा हल्ला परतवल्यावर तोच हताश होऊन, मृत सहकाऱ्यांची प्रेते स्वतःत सामावून घेऊन राक्षस बनतो व हॉकवरच तुटून पडतो. खरी शत्रू, टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ, बाहेर उभी असताना त्याने आपल्याच रक्षकावर का उलटावे? टेम्प्लरांची बाजू घेतली तरी त्याच्याशी हीच लढाई होते. म्हणून लढाई आधी ठरली आणि कारण मागाहून शोधले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १ : असहमत. हॉकची आई लिआंड्रा हिचा खून करणाऱ्या क्वेंटिन या रक्तजादूगाराच्या अड्ड्यात दुसऱ्या अंकातच ‘ओ’ अशी सही असलेले, त्याला पुस्तके पुरवल्याचे पत्र सापडते, आणि राक्षस होण्यापूर्वी ओर्सिनो क्वेंटिनच्याच संशोधनाचे नाव घेतो. मोहाचे बी जुने होते. शिष्यांची प्रेते पाहून त्याचा संयम सुटला.

धागाकर्ता : पत्रामुळे त्याला रक्तजादू कोठून ठाऊक होती हे कळते, तो हॉकवर का धावला हे कळत नाही. शिवाय त्या पत्राने कथा अधिकच अडचणीत येते. आईचे शिर परक्या देहावर शिवलेले ज्याने पाहिले, तो हॉक तिसऱ्या अंकात ओर्सिनोसमोर उभा राहूनही ‘हे पत्र तुमचे का?’ एवढे विचारू शकत नाही. हे मौन मला सर्वांत जास्त खुपते.

प्रतिसाद २ : ओर्सिनोबाबत धागाकर्त्याशी सहमत आहे, पण मेरेडिथवरही तोच अन्याय झाला आहे. तिची बहीण अमेलिया जादूगार होती. कुटुंबाने तिला लपवले, पिशाचाने तिचा ताबा घेतला आणि घरच्यांसह अनेकांचे बळी गेले. एवढ्या दुःखातून आलेली कठोरता पुरेशी असताना लाल लिरियम या बुद्धी भ्रष्ट करणाऱ्या खनिजाच्या मूर्तीपासून घडवलेली तलवार देऊन तिला वेडी ठरवण्याची गरजच नव्हती.

प्रतिसाद १ : ती मूर्ती पहिल्या अंकात हॉकच्याच मोहिमेत सापडलेली असते, त्यामुळे हॉकही त्या विनाशाचा भागीदार ठरतो, मला तो धागा घट्ट वाटतो. आणि हे सारे हॉकचा साथीदार व्हॅरिक चौकशीत सांगत आहे, हे विसरू नये. त्याने ओर्सिनोला अधिक काळे रंगवले असेल.

धागाकर्ता : मूर्तीबद्दलचे म्हणणे मान्य आहे. मात्र व्हॅरिकची ढाल मी स्वीकारत नाही. आरंभी तो हॉकचा पराक्रम फुगवून सांगतो, तेव्हा चौकशी करणारी कॅसँड्रा त्याला तिथेच थांबवते आणि तो प्रसंग नव्याने सांगायला लावते. ओर्सिनोच्या वेळी तिला कोणतीही शंका येत नाही, म्हणजे हे खरोखर असेच घडले, असेच लेखकांना सांगायचे आहे.