बिसी बेळे भात: चिंच केव्हा घालावी?

बिसी बेळे भात या कर्नाटकातल्या डाळ-तांदळाच्या पदार्थात डाळ कच्ची राहते आणि भात मात्र गळून जातो, ही अडचण आमच्याकडे उदगीरलाही बरीच वर्षे येत असे, आणि तिचे मूळ मसाल्यात नसून चिंचेत आहे. आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. त्यात बोअरचे जड पाणी असेल, तर ती आणखीच अडून बसते. म्हणून १ वाटी तांदूळ आणि अर्धा तास भिजवलेली पाऊण वाटी तूरडाळ ६ वाट्या पाणी, हळद व थोडे तेल घालून कुकरमध्ये आधी पूर्ण शिजवावी, आणि चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, मसाला हे सारे त्यानंतर त्याच भांड्यात घालून १० मिनिटे मंद आचेवर उकळू द्यावे.

या भातात आपला काळा मसाला वापरावा, ही सूचना काही जण करतात; ती मला पटत नाही, कारण त्याच्या उग्रपणाखाली बिसी बेळे भाताच्या खास मसाल्यातील धणे, हरभराडाळ, मेथी, दालचिनी आणि सुके खोबरे यांचा भाजका सुवास दबून जातो. त्या मसाल्यात ‘मराठी मोग्गु’ नावाची सुकवलेली कळीही असते. नाव मराठी असले तरी आपल्या स्वयंपाकघरात ती क्वचितच दिसते. ती नसल्यास लवंग किंचित वाढवावी. रंगासाठी ब्याडगी मिरचीच घ्यावी.

कन्नडमध्ये ‘बिसी’ म्हणजे गरम आणि ‘बेळे’ म्हणजे डाळ. हा भात निवताच घट्ट होतो, म्हणून वाढताना कढत पाणी घालून तो सैल करावा आणि तुपातली मोहरी-कढीपत्त्याची फोडणी त्यावर शेवटी ओतावी.