गणपतीपुळे सहल : समुद्रासमोरच्या खोल्यांचे वाटप

ए-१०२ : सर्वांना नमस्कार. खोल्यांची यादी वाचून वाईट वाटले. समुद्रासमोरच्या तळमजल्यावरील चारही खोल्या याही वेळी समिती सदस्यांच्या नावे आहेत आणि आम्हा ज्येष्ठांना मागच्या बाजूचा दुसरा मजला दिला आहे, जेथून फक्त पार्किंग दिसते. इमारतीला लिफ्ट नाही. दिवेआगरला काय झाले, ते पुन्हा सांगायला नको.

सचिव : काका, ज्यांनी पैसे आधी भरले त्यांना आधी खोली, हे सभेत सर्वांसमोर ठरले होते. आपणही सभेला हजर होतात.

ए-१०२ : माझा आक्षेप पैशांबद्दल नाही. तळमजला ज्येष्ठांना द्यावा.

सी-४०१ : तसेही खोलीत बसणार कोण? दिवसभर आपण किनाऱ्यावरच असू.

बी-२०३ : दादा, आपण असू, पण माझ्या सासूबाई नसतील. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना भुसभुशीत वाळूत चार पावले टाकणे अवघड जाते आणि देवळामागच्या टेकडीची सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणाही त्यांना झेपणार नाही, म्हणजे पुण्याहून सव्वातीनशे किलोमीटर, आंबा घाटातून बसमध्ये हेलकावे खात येऊन त्यांना समुद्र दिसणार तो केवळ खोलीतून. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या हिशेबाने पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती असेल. त्या वेळी आपण दर्शनाच्या रांगेत असू आणि समोरच्या खोल्या कुलूपबंद असतील. शिवाय गॅलरीचा कठडा विटांचा आहे की गजांचा, हे हॉटेलला विचारावे. कठडा भरीव असला, तर खुर्चीत बसलेल्या माणसाला आकाशच दिसते.

खजिनदार : सर्वांनाच समोरची खोली घ्यावी, अशी सूचना मला फोनवर आली. खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो, त्यापुढे १८ टक्के. समोरच्या खोल्यांचे भाडे ती मर्यादा ओलांडते. वर्गणी वाढवण्यास किती जण तयार आहेत?

डी-३०२ : टाकीच्या गळतीबद्दल विचारले, तेव्हा एवढी तत्पर उत्तरे आली नव्हती.

सचिव : ताई, तो विषय रविवारच्या सभेत घेऊ. येथे कृपया खोल्यांबद्दलच बोलावे.

ए-१०२ : तळमजला ज्येष्ठांना द्यावा.

सी-४०१ : काका, तुमचा मुद्दा सर्वांपर्यंत पोहोचला आहे.

बी-५०४ : आमची खोली तळमजल्यावर आहे, पण दार थेट वाळूवर उघडते, हे मला आज कळले. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा आहे, तशा पाट्याही तेथे लावलेल्या आहेत. धाकटा अडीच वर्षांचा आहे आणि कडी काढायला नुकताच शिकला आहे. आम्हाला वरचा मजला चालेल, मागच्या बाजूचा असला तरी. आमची खोली बी-२०३ मधील आजींना द्यावी.

बी-२०३ : वहिनी, मनापासून आभार.

सचिव : माझीही खोली मी ए-१०२ यांना देत आहे. मात्र पश्चिमेचे ऊन दुपारी तीननंतर थेट आत येते, तेव्हा पडदे ओढून घ्यावेत. उरलेल्या दोन खोल्यांबाबत संबंधित सदस्यांनी उद्या सायंकाळपर्यंत कळवावे.

ए-१०२ : आभारी आहे. उरलेल्या दोन खोल्याही ज्येष्ठांनाच द्याव्यात.

खजिनदार : मी घरी विचारून सांगतो.