बाबाचा विमा क्लेम नाकारला, वकील लावू का?

कापूसवाला_दारव्हा
नमस्कार भाऊ लोक. बाबा ऑक्टोबरात रात्री जागलीले गेले होते, रानडुकरं लै झाले यंदा, तिथंच वावरात पान लागलं, म्हणजे साप चावला, यवतमाळले नेईपर्यंत सगळं संपलं. पोस्टमार्टम, पोलिसांचे कागद सगळे आहेत. ५ लाखाची पॉलिसी, २०२० ची. आता जानेवारीत कंपनीचं पत्र आलं का बाबाले शुगर होती ते लपवलं म्हणून क्लेम नामंजूर. सापाचा न् शुगरचा काय संबंध बावा? एक वकील म्हणते पैसे निघाले तर २० टक्के द्या. काय करू?

गोठ्यावरून
वाईट झालं भाऊ. पहिले बाबाचं बँकेचं पासबुक काढ, वर्षाले २० रुपये कटत असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख, साप चावलेलं त्यात बसते. आन सातबाऱ्यावर नाव असंल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, तिचेही २ लाख, तालुका कृषीत विचार. हे तुझ्या ५ लाखाहून येगळं, आन उशीर नको करू, मुदत रायते.

काळाकोट_ताई
मी यवतमाळलाच प्रॅक्टिस करते. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलाला चालतच नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, त्या माणसाला सोडा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षं झाली की लपवाछपवी म्हणून आयुर्विम्याची पॉलिसी उकरता येत नाही. २०२० ची असेल तर केस बरी आहे. पण मधे हप्ता थकून बंद पडली होती का?

कापूसवाला_दारव्हा
हो ताई, २०२२ मध्ये कापूस गेला तेव्हा भरलाच नाही, जून २०२३ मध्ये पुन्हा चालू केली. एजंटनं कोऱ्या फॉर्मवर बाबाची सही घेतली. शुगर २०२१ ले निघाली होती.

काळाकोट_ताई
मग अवघड आहे, खोटी आशा देत नाही. ३ वर्षं पुन्हा चालू केल्यापासून मोजतात, म्हणजे जून २०२६. आणि फॉर्म एजंटनं भरला तरी सही बाबांची, तेवढ्यानं सुटका नाही. आपला मुद्दा तुम्ही म्हणता तोच, मृत्यूचा शुगरशी संबंध नाही. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये कंबरेच्या मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं पण मृत्यू हार्टनं झाला अशा केसमध्ये क्लेम दिला होता. उलटे निकालही आहेत हां, म्हणून २०२३ चा तब्येतीचा फॉर्म आधी हातात पाहिजे, त्यात शुगरचा प्रश्न विचारलाच नसेल तर चित्र पालटतं.

गोठ्यावरून
विमा लोकपालाकडं गेलं तं?

काळाकोट_ताई
जाता येतं, फुकट आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर उत्तर नाही किंवा नाकारलं की वर्षाच्या आत लोकपाल. तिथं वकील उभा राहत नाही, अर्ज मात्र लिहून घ्या कोणाकडून. विदर्भाची प्रकरणं पुण्याला जातात. आधीच ग्राहक आयोगात केस टाकली असेल तर लोकपाल घेत नाही. आयोगात जायला २ वर्षांची मुदत, यवतमाळलाच दाखल होते, तुमच्या प्रकरणात फी नाही.

कापूसवाला_दारव्हा
ताई फॉर्मची कॉपी कंपनी देईन का? एजंट तर म्हणते नाही भेटत.

काळाकोट_ताई
एजंटला विचारूच नका. आईच्या सहीनं, त्याच वारस ना, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टानं अर्ज, पोचपावती जपून ठेवा. नाही दिला तर ते आयोगात त्यांच्याच अंगाशी येईल.

कापूसवाला_दारव्हा
सोमवारी टाकतो. पासबुक पायलं, २० रुपये कटलेत मे मध्ये. बँकेत उद्याच जातो.