सी मेजर आणि ए मायनर यांचे स्वर एकच, मग स्केल दोन कशी?

प्रश्न
लहानपणी चार वर्षे पेटी शिकल्यानंतर गेले सहा महिने मी गिटार शिकत आहे. क्लासमध्ये सी मेजर आणि ए मायनर या स्केलचे तक्ते मिळाले, परंतु पेटीवर ताडून पाहिले असता दोन्हींत त्याच सात पांढऱ्या पट्ट्या आल्या. बोटे त्याच फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरील पट्ट्यांनी आखलेल्या घरांत) पडत असतील, तर नावे दोन कशासाठी? शिवाय पाचव्या तारेवर बसलेला मेजरचा साचा (बोटांची ठरलेली मांडणी) चौथ्या तारेपासून वाजवला, की शेवटचे तीन स्वर बेसूर लागतात. माझे काय चुकते आहे?

प्रतिसाद १
स्केल म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. ती षड्जापासून, म्हणजे सा पासून, मोजलेली अंतरे असतात. पांढरी एकला, म्हणजे सी ला, सा मानल्यास फ्रेटच्या हिशेबात ही अंतरे २-२-१-२-२-२-१ अशी येतात, आणि तो आपला बिलावल थाट (रागांसाठीचा सात स्वरांचा संच) होय. त्याच पट्ट्यांवर पांढरी सहाला, म्हणजे ए ला, सा मानले, की अंतरे २-१-२-२-१-२-२ होतात, गंधार, धैवत आणि निषाद (ग, ध, नि) कोमल, म्हणजे शुद्धपेक्षा एक फ्रेट खाली, होतात व हाती आसावरी थाट येतो. सा हलवण्याची ही युक्ती मूर्च्छना म्हणून आपल्याकडे जुनीच आहे. मात्र हे तक्ता पाहून पटत नाही. मोबाइलवर तंबोरा पांढरी एकमध्ये लावून ते स्वर पाच मिनिटे वाजवावेत आणि मग बोटे न हलवता तंबोरा तेवढा पांढरी सहामध्ये न्यावा.

प्रतिसाद २
दुसऱ्या शंकेत चूक आपली नसून तारांच्या जुळणीची आहे. शेजारच्या तारांत सर्वत्र पाच फ्रेटचे अंतर असते. फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत ते चार फ्रेटचे आहे. पाचव्या तारेवर फ्रेट ३, ५; चौथीवर २, ३, ५; आणि तिसरीवर २, ४, ५ हा आपला साचा असणार. तो चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून सुरू केल्यास शेवटचे तीन स्वर दुसऱ्या तारेवर येतात, आणि तेथे ३, ५, ६ असे एक फ्रेट पुढे सरकावे लागते.

प्रतिसाद ३
वरील विवेचन योग्यच आहे, तथापि थाट जुळला म्हणजे राग वाजला असे समजू नये. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांतर मोजण्याचे एकक) धरल्यास तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर फ्रेटवरचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसवलेला असतो. पेटीवर कान तयार झालेल्यास हा फरक एरवी खटकणार नाही, परंतु तंबोरा लावल्यावर तो गंधार किंचित चढा वाटला, तर गिटार उतरली म्हणून खुंट्या पिळत बसू नये.

प्रश्नकर्ता
आज करून पाहिले. पांढरी एकवर जो सा निवांत वाटत होता, तोच पांढरी सहाच्या तंबोऱ्यावर कोमल गंधार झाला. दुसऱ्या तारेचा घोळही मिटला. एकच शंका उरली: ए मायनरच्या गाण्यांत ई मेजर कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरसमूह) येते आणि तिच्यात काळी चार असते, ती या स्केलमध्ये कोठून आली?

प्रतिसाद १
पांढरी सहाच्या सा ला काळी चार हा शुद्ध निषाद होय. कोमल निषादापेक्षा तो षड्जाला एका फ्रेटने जवळ असल्यामुळे सा वर परतण्याची ओढ वाढते, म्हणून त्या कॉर्डपुरता तो घेतात. संपूर्ण स्केलमध्ये तोच ठेवला, तर हार्मोनिक मायनर, म्हणजेच किरवाणी रागाचे स्वर मिळतात.